आबांचे अकरा क्यू

तुमच्या आबांचा दर्जा अकरा क्यू होता. चार रविवारांत मी तो सतरावर आणून ठेवला. मोठीला हे सगळं ठाऊक आहे, धाकट्याला अर्धवट. तुम्हा दोघा नातवंडांसाठी एकदा नीट लिहून काढावं म्हणून ही वही घेतली. मी पस्तीस वर्षं कॉलेजच्या मुलांना इंग्रजी शिकवलं आणि उत्तर मुद्द्याला धरून लिहा, असं सांगत आले. तेव्हा माझ्या चुकीची हकीकत तरी मुद्द्याला धरून असायला हवी.

आधी खेळाचं, कारण धाकट्याला तो आता आठवत नसेल. मोठी, तू अकरा वर्षांची असताना मे महिन्यात अमरावतीला आलीस. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आपण तिघं हॉलमध्ये कूलरच्या तोंडासमोर चटई टाकून बसलो आणि तू बॅगेतून घडीचा लाकडी पट काढलास, सोबत दोन कापडी पिशव्या, एकीत काळे दगड, दुसरीत पांढरे. पटावर एकोणीस रेघा उभ्या, एकोणीस आडव्या. खेळाचं नाव गो. रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे पाळीपाळीने एकेक दगड ठेवायचा. एकदा ठेवलेला दगड सरकवायचा नाही. दगडांनी वेढून जो जास्त जागा आपलीशी करेल, तो जिंकला.

तुमचे आबा तोवर आरामखुर्चीत पेपर वाचत होते. "वेढून जागा घ्यायची" हे शब्द कानावर पडले आणि पेपर खाली आला. भूमापन खात्यात त्यांची सारी नोकरी शेतं मोजण्यात गेली होती. तेल्हारा, पातूर, दर्यापूर, कुठे कुठे साखळी घेऊन फिरले होते. ते उठून चटईवर आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हे त आपलंच काम हाय. हे दगड म्हणजे हद्दीच्या निशाण्या. हा धुरा, हा शेजाऱ्याचा धुरा. भांडण कुठी हाय तेवढं सांग."

धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. तुम्हाला हा शब्द त्यांनीच शिकवला, म्हणून परदेशात राहून तुम्ही दोघं अजून बांधाला धुराच म्हणता.

पहिल्या डावात तू त्यांना नऊ दगड आधीच मांडू दिलेस. आबांना ते आवडलं नाही. "मले सवलत? सिनियर सिटिझन म्हणून?"

"सवलत नाही आबा," तू म्हणालीस. "तुमच्यात अन् माझ्यात जेवढा फरक आहे तेवढे दगड. मग डाव बरोबरीचा होतो."

"अन् फरक किती हाय?"

"नऊपेक्षा जास्त आहे. पण नऊच्या वर देत नाहीत."

मग तू दर्जाची पद्धत सांगितलीस. मी त्या वेळी आंब्याचा रस काढत होते आणि हात तसेच ठेवून ऐकत राहिले, कारण क्रमवारी म्हटलं की माझे कान टवकारतात. नवा माणूस तीस क्यूच्या आसपास सुरू होतो. शिकत गेला की एकोणतीस, अठ्ठावीस असा आकडा उतरत जातो. एक क्यू झाला की पुढे दान. एक दान, दोन दान, असं मात्र चढत जायचं. दोन खेळाडूंच्या दर्जात जितक्या पायऱ्यांचं अंतर, तितके दगड खालच्याला पटावर आधी ठेवायला मिळतात. सहा क्यू आणि अकरा क्यू बसले, तर अकरावाल्याचे पाच दगड.

आबा थोडा वेळ बोटं मोजत बसले. "म्हंजे आधी उतरू उतरू वर जायचं, अन् मंग चढू चढू वर जायचं. कोन्या मोजणीदारानं आखलं हे?"

त्या महिन्यात तू आणि आबांनी किती डाव खेळले याचा पत्ता नाही. एक काळा दगड कूलरखालच्या पाण्यात गेला तो सापडलाच नाही. त्याच्या जागी मी एक चिंचोका धुऊन पुसून दिला. नऊ दगडांतला मधला दगड म्हणजे पटाच्या अगदी मध्यावरचा. तिथे तो चिंचोका ठेवायचा, असा आबांचा नियम झाला. जाताना तू पट आमच्याकडेच ठेवलास. बडनेरा स्टेशनवर गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढून तू त्यांना नऊ बोटं दाखवलीस आणि त्यांनी तुला आठ.

त्यानंतरचे रविवार तुम्हाला ठाऊक आहेत. इकडे सकाळचे साडेसात, तुमच्याकडे शनिवारची संध्याकाळ. तुझ्या बाबांनी टॅब्लेट पाठवला, खेळाच्या एका संकेतस्थळावर आबांचं खातं काढून दिलं. आबा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसत. मी म्हणायची, "अहो, तिथे तुमचा शर्ट दिसत नाही कोणाला."

"मले दिसते ना."

टॅब्लेटवर डाव चाले, पण बाजूला लाकडी पट मांडून तोच डाव ते दगडांनीही लावत, मधोमध चिंचोका. काचेवर बोट लावलं की जमीन मोजल्यासारखं वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी शेजारी बसून वहीत चाली लिहायची. कोणता दगड कितवा, कुठे, आणि आबा काय म्हणाले. अशा दोन वह्या भरल्या. मी खेळत मात्र नव्हते. मला सांगितलं कोणी नाही आणि मीही विचारलं नाही. दोघांच्या मध्ये तिसरं माणूस कशाला, असं वाटायचं.

तिथला दर्जा कसा चालतो ते आबांनी आठवड्यात समजून घेतलं. सुरुवातीला त्यांच्या आकड्यापुढे प्रश्नचिन्ह होतं. त्यांना राग आला. "माह्यावर संशय घेते हे?" तू फोनवर हसून सांगितलंस की यंत्राने अजून तुमचे डावच पाहिले नाहीत, त्याला काय ठाऊक तुम्ही कसे आहात. काही डाव झाले आणि प्रश्नचिन्ह गळालं. मग कळलं की प्रत्येक जिंकणं सारखं नसतं. वरच्या माणसाला हरवलं तर आकडा चांगला हलतो. ज्याला हरवणार हे आधीच दिसत होतं, त्याला हरवून काहीच पदरात पडत नाही. उलट त्याच्याकडून हरलो तर चांगलीच घसरण. म्हणजे यंत्र डावाआधी मनाशी एक अंदाज बांधतं, आणि तो अंदाज जितका चुकेल तितका दर्जा हलवतं.

यावरून आमचं एकदा वाजलंही. मी कुठेतरी वाचलं होतं की काही देशांत परीक्षा देऊन किंवा संस्थेकडून दानाचं प्रमाणपत्र मिळतं, ते मिळालं की मिळालं, कोणी परत घेत नाही. मला ती पद्धत बरी वाटली. एम.ए. झालेल्या माणसाला म्हातारपणी कोणी पुन्हा परीक्षेला बसवतं का? आबा म्हणाले, "सातबारा कपाटात ठेवला, अन् इकडं शेजाऱ्यानं धुरा कोरून नेला, त काय करते त्या कागदाचं? आज जमीन किती हाय ते सांग. जे आज मोजलं, ते खरं."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं. पुढे ते मलाच वाचायला लागणार होतं, हे तेव्हा कुठे माहीत.

चार वर्षांत नऊचे आठ झाले, सात झाले, सहा झाले. तूही वर चढत होतीस, म्हणून त्यांना दुप्पट चढावं लागे. शेवटी ते अकरा क्यूवर आले आणि तू सहावर. पाच दगड. चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये चिंचोका. त्यांचं एकच म्हणणं असायचं, "एकदा पोरीसंगं बिनादगडाचं बसायचं. हरलो तरी चालते." मागच्या मार्गशीर्षाच्या आदल्या मार्गशीर्षात, त्या रविवारी ते तीन घरांनी, म्हणजे पटावरच्या तीन जागांनी हरले. पट आवरताना मला म्हणाले, "पुढच्या रविवारी चार दगडावर येतो, पाह्य." गुरुवारी ते गेले.

त्यावर मी जास्त लिहीत नाही. तुम्ही आलात, तेरा दिवस राहिलात, परत गेलात. टॅब्लेट मी कपाटात त्यांच्या शर्टांखाली ठेवला. दर रविवारी काढून चार्जिंगला लावायचा, भरला की पुन्हा आत. उघडला मात्र नाही. शिस्तीची सवय माणसाला कुठल्याही कामाला लावते.

वर्षश्राद्ध झालं. घरातली माणसं पांगली. एका रविवारी चार्जिंग झालं आणि मी तो पहिल्यांदा उघडला. मागच्या बाजूला चिकटपट्टीखाली त्यांच्या अक्षरात संकेतशब्द लिहिला होता, तेल्हाऱ्याच्या शेताचा गट नंबर. आत त्यांचं नाव होतं. नावापुढे अकरा क्यू. आणि अकरा क्यूच्या पुढे प्रश्नचिन्ह.

मला ते पाहवलं नाही. प्रश्न नाही तिथे प्रश्नचिन्ह घातलं की मी मुलांच्या वहीत लाल गोल करायची. आबा अकरा क्यू होते. मी दोन वह्या भरून साक्षीदार होते. मग हे कोण विचारणारं?

संकेतस्थळावर मदतीचं पान होतं, ते वाचलं. कोणी बरेच दिवस खेळला नाही तर आकडा तोच राहतो, पण त्या आकड्याबद्दल यंत्राची खात्री कमी कमी होत जाते. एका मर्यादेपलीकडे गेली की प्रश्नचिन्ह. काही डाव खेळलात की ते निघून जातं. एवढं वाचलं आणि पान बंद केलं. "काही डाव खेळलात की निघून जातं." माझं काम झालं होतं. मला वाटलं, थांबलेल्या घड्याळाला किल्ली द्यायची आहे. पाचसहा डाव खेळू, चिन्ह पुसू, आणि टॅब्लेट पुन्हा शर्टांखाली.

प्रश्न वाचताना अर्ध्यावर उत्तराला हात घालू नका, हे मी किती मुलांना ओरडून सांगितलं असेल. पानाच्या दुसऱ्या अर्ध्यात लिहिलं होतं की जिथे खात्री कमी, तिथे दर्जा झपाट्याने हलतो. ज्याने परवापर्यंत शेकडो डाव खेळले, तो एक डाव हरला तर यंत्र म्हणतं, असेल आज डोकं दुखत. जो वर्षभर दिसला नाही आणि आल्या आल्या हरला, त्याच्याबद्दल ते म्हणतं, हा माणूस आता तो राहिला नाही. आणि पाहा, त्याचं काही चुकलं नव्हतं.

मी अकरा क्यूंच्या पंगतीत जाऊन बसले. वही लिहिता लिहिता खेळ आला असं मला वाटत होतं. पहिल्या डावात समोरच्याने माझे अठ्ठावीस दगड एका वेढ्यात उचलले. दुसऱ्यातही मी सगळा डाव पटाच्या मध्यभागी मांडला, कारण मधली मोकळी जागा मला बघवत नव्हती, आणि तोवर चारही कोपरे त्याचे झाले. चार रविवार, नऊ डाव, नऊ हारी. अकराचे तेरा, तेराचे पंधरा, पंधराचे सतरा. प्रश्नचिन्ह मात्र गेलं. आबांच्या नावापुढे आता सतरा क्यू असं स्वच्छ, बिनशंकेचं लिहिलेलं होतं.

त्या दिवशी मी दुपारी जेवले नाही. त्यांची एकेक गोष्ट घरातून जात होतीच. स्कूटर दिली, चष्मा दिला, बूट कोणाला तरी झाले. हा आकडा तेवढा जिथल्या तिथे होता, कोणी मागत नव्हतं, जागा अडवत नव्हता, आणि तो मी माझ्या हाताने घालवला. परत आणायला अर्ज नाही, विनंती नाही. परत आणायचा एकच मार्ग, जिंकायचं.

तू जूनमध्ये येणार म्हणून कळवलं होतंस. आल्यावर आबांचा टॅब्लेट मागणार, यात मला शंका नव्हती. हातात चार महिने होते. जूनच्या आत अकरा करायचे, आणि कोणाला कळू द्यायचं नाही. मी वहीच्या पहिल्या पानावर सतरापासून अकरापर्यंत आकडे खालीखाली लिहिले आणि प्रत्येकापुढे महिना टाकला.

मग मी त्या दोन वह्या अभ्यासाला घेतल्या. वर्षभर उघडल्या नव्हत्या. चालींच्या मध्ये आबांचं बोलणं माझ्याच अक्षरात. "मोजणी कोपऱ्यापासून. मधात काय हाय, उघडं रान." "लय जवळ जाऊन धुरा नाई आखायचा, अंगावर येते." "त्यानं तिकडं ठेवला काहून? इचार कर." एकेक डाव मी लाकडी पटावर पुन्हा मांडला. मांडताना एक गंमत होते. आता पुढचा दगड कुठे पडणार हे वही सांगते, पण मी वहीवर हात ठेवून आधी ओळखायची, यांनी कुठे ठेवला असेल. सुरुवातीला दहात दोनदा जुळायचं. मग चारदा. मग एका सकाळी ओळीने सहा चाली जुळल्या आणि सातवीला मी हात काढला तर तिथे चाल नव्हतीच, एवढंच लिहिलं होतं, "थांब. चहा आण." मी उठून खरंच चहा करून आणला. एकच कप.

जिंकू लागले. सतराचे सोळा, सोळाचे पंधरा. पुढचे चौदा यायला एकवीस दिवस लागले, कारण आता यंत्राला पुन्हा खात्री झाली होती आणि ते तसूतसूने हलत होतं.

मार्चमध्ये अकोल्याला ताईकडे गेले. माझी मोठी बहीण, तुमची मोठी आजी. एसटीत खिडकीजवळ बसून एक डाव सुरू केला. मूर्तिजापूर येईपर्यंत मी चांगली पुढे होते. शेजारच्या बाई बराच वेळ टॅब्लेटकडे पाहत होत्या. शेवटी विचारलंच, "काकू, हे पत्रिका पाह्याचं हाय का? माह्या पोरीची पाह्यता का?" मी त्यांना समजावू लागले, तेवढ्यात बोरगावच्या अलीकडे नेटवर्क गेलं. परत आलं तेव्हा माझी वेळ संपली होती. हार. अकोल्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा आबा पुन्हा पंधरा क्यू होते.

ताईने माझा चेहरा पाहिला आणि आधी विचारलं, पाकीट मारलं का? मग सगळं सांगावं लागलं. ती पलंगावर बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माय वं! नवरा गेल्यावर बाया भजनात जातात, तू गोट्या खेळून राहिली?"

"गोट्या नाहीत ताई. दगड."

"त्याच्या नावानं खेळून राहिली न?"

"हो."

"जिंकली त त्याचं नाव. हरली त त्याचं नाव. अन् समोरच्याले वाटते का आपुन त्या माणसासंगं खेळून राहिलो. बिचाऱ्याले काय मालूम का इथं मास्तरीणबाई बसली हाय." घाटा तोंडात टाकत ती म्हणाली, "पोरीले सांगून टाक."

"ती यायच्या आत अकरा करते, मग सांगायला काही उरणार नाही."

"तुहा पेपर हाय का हा?" ताई म्हणाली. "आयुष्यभर पयला नंबर, पयला नंबर. जा, हात धू. भाकर खा."

मला राग आला. रात्री झोपले नाही असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. उन्हाने दमले होते, चांगली झोपले.

अमरावतीला परत येऊन आठ दिवसांत चौदावर आले. त्यानंतरच्या रविवारी साडेसातला मी नेहमीसारखी बसले होते. टॅब्लेट टिंग असा वाजला. समोर पाटी आली, अमुक तुमच्याशी खेळू इच्छिते. नाव तुझं होतं. चार क्यू.

मी पाटीकडे पाहत राहिले. नकार दिला तर आबांनी तुला नकार दिला असं होणार. तसं त्यांनी कधी केलं नव्हतं, ताप असतानाही नाही. मी होकाराचं बटण दाबलं. चौदातून चार गेले, दहा. नऊच्या वर देत नाहीत. यंत्राने आपण होऊन नऊ काळे दगड पटावर मांडले, त्या मे महिन्यात होते तसे. मी उठून लाकडी पट घेतला, आठ दगड ठेवले, मधोमध चिंचोका.

तू पहिली चाल कोपऱ्याजवळ केलीस. मी आबांसारखं उत्तर दिलं. तू दुसरी, मी दुसरी. वीस-पंचवीस चाली झाल्या. मला वाटू लागलं की समोर मी आहे हे तुला कळत नाही आहे.  आणि मग बाजूच्या चौकटीत अक्षरं उमटली.

"तू आता कोपऱ्यातून सुरुवात करतेस. आधी मधूनच करायचीस."

मी ते दोनदा वाचलं. 

"आजी, धुरा उघडा ठेवलास. डावीकडे बघ."

डावीकडे खरंच माझे पाच दगड मरायला टेकले होते. मी तिथे एक ठेवला. मग फोन वाजला. व्हिडिओवर तू होतीस, मागे तुझ्या खोलीतली खिडकी, बाहेर बर्फ.

"मी घालवला ग," मी म्हटलं. "आबांचा दर्जा घालवला. जूनपर्यंत आणणार होते."

"काहून रडून राहिली?" तू म्हणालीस. अगदी त्यांच्यासारखं, त्यांचाच सूर. त्याने जास्तच आलं.

मग तू जे सांगितलंस ते धाकट्याला ठाऊक नाही, म्हणून लिहिते. मोठीने आबांच्या नावावर खूण करून ठेवली होती. ते आले की तिच्या फोनवर हिरवा दिवा लागायचा. ती खूण तिने काढली नव्हती. एका शनिवारी ती मैत्रिणींबरोबर बाहेर जेवत होती आणि हिरवा दिवा लागला. ती उठली आणि रस्त्यावर जाऊन थंडीत उभी राहिली. फोन उघडला, तर आबा डाव खेळत होते. पटाच्या मधोमध. आबा मधून कधी सुरुवात करत नसत आणि घरात दुसरं कोणी नव्हतं, दहा चालींत तिने ओळखलं की ही आजी आहे. तरी तिने डाव संपेपर्यंत पाहिला. मग माझा प्रत्येक डाव पाहिला. नऊच्या नऊ हारी, आणि पुढचंही सगळं, एसटीतलासुद्धा.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू बंद केलं असतंस. दिवा लागला नसता."

 मग मी विचारलं, "आणि अकरा?"

"ते आहेत की," तू म्हणालीस, आणि मला आबांचे जुने डाव उघडून दाखवलेस. प्रत्येक डावाच्या डोक्यावर त्या दिवशीचा दर्जा लिहिलेला. पहिल्या मे महिन्यानंतरचा, मधला, आणि शेवटच्या रविवारचा. त्यावर अकरा क्यूच होते. माझ्या नऊ हारींनी त्याला धक्का लागला नव्हता आणि माझ्या जिंकण्यानेही लागला नसता. त्या दिवशी मोजलं तेवढं त्या दिवसाचं. मला वहीतलं ते सातबाऱ्याचं वाक्य आठवलं. मोजणीदाराची बायको असून मी दुसऱ्याच्या नावावर शेत मोजत बसले होते.

तेवढ्यात मागून धाकटा आला, फुटबॉलचे बूट हातात. "आजी, तू किती क्यू आहेस?"

"मी?" मी म्हटलं. "मला कुठे दर्जा आहे?"

"मग काढ ना," तो म्हणाला आणि निघून गेला.

डाव मी हरले, ते सांगायला नको. त्याच सकाळी तू माझं वेगळं खातं काढून दिलंस. माझ्या नावापुढे एक आकडा आणि प्रश्नचिन्ह लागलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. यंत्राने माझे डाव पाहिलेच नव्हते. आता प्रश्नचिन्ह गेलं आहे, सोळा क्यू आहे. यंत्राचं म्हणणं की आबांच्या नावाने चौदा क्यूला पोचली ती मी नव्हे. असेल. शेजारी त्यांचं नाव नसलं की हात थोडा डगमगतो.

आबांचं खातं आम्ही तसंच ठेवलं. त्यावर कोणी खेळत नाही. काही दिवसांनी त्या चौदापुढे पुन्हा प्रश्नचिन्ह लागेल. लागू दे. यंत्राला ते कुठे आहेत ते ठाऊक नाही, हे त्याने लिहिलं तर खोटं काय लिहिलं? मलाही ठाऊक नाही.

जूनमध्ये तुझं येणं झालं नाही. उन्हाळ्याचं काम मिळालं, ते सोडू नकोस असं मीच म्हटलं आणि मनापासून म्हटलं. आंबे मी ताईकडे पाठवले. आता परीक्षा, मग दुसरं काही. रविवार कधी होतो, कधी होत नाही. नाही झाला तर हिरमुसायचं नाही, असं मी ठरवलं आहे. ठरवलेलं सगळं पार पडतंच असं नाही.

तू चार आणि मी सोळा, म्हणजे बारा पायऱ्या. नऊच दगड मिळतात, उरलेल्या तीन मला अंगावर घ्याव्या लागतात. आबांसारखं पाच दगडांवर यायचं तर मला नऊ क्यू व्हायला हवं, आणि तोवर तू एका जागी बसून राहणार नाहीस. किती वर्षं लागतील याचं कोष्टक मी मांडलं होतं. ते पान फाडून टाकलं.

रविवारी मात्र साडेसातला तयार असते. इस्त्रीची साडी नेसते. तिथे साडी कोणाला दिसत नाही, मला माहीत आहे. पट उघडते, चारही कोपऱ्यांत आणि बाजूंना मिळून आठ काळे दगड ठेवते, मध्ये चिंचोका. इतक्या वर्षांत हाताळून तो गुळगुळीत झाला आहे, दगडापेक्षाही. मग टॅब्लेट सुरू करून तुझ्या नावाकडे बघत बसते. मीही आता तुझ्या नावावर खूण करून ठेवली आहे. तुमच्याकडे संध्याकाळ झाली असेल.